तीन अर्ज आणि एक विहीर

पाम, ता. ३ फेब्रुवारी १९६५

चि. रामनाथ,

आशीर्वाद तुला कायमचेच आहेत, ते पुन्हा लिहून कागद अडवत नाही. काम निकडीचे आहे.

परवा वाडीत मोजणीवाले आले. नव्या वीजकेंद्राच्या सामानासाठी म्हणे मोठे आवार हवे, आवाराला तारेचे कुंपण हवे, आणि ते कुंपण नेमके आपल्या वाडीच्या पश्चिमेने जायला हवे. त्यांच्यातला पुंजाराम नावाचा नाशिककडचा माणूस लाल निशाणे रोवत आला, शेवटचे निशाण आपल्या विहिरीच्या अलीकडे ठोकले आणि पाणी प्यायला थांबला. मी विचारले, बाबा, विहीर कुंपणाच्या कुठल्या बाजूला येणार? तो म्हणाला, आतल्या. पाणी फार गोड आहे असेही म्हणाला.

ते गोड आहे हीच तर पंचाईत. होळी झाली की इकडच्या साऱ्या विहिरी मचूळ होतात हे तुला ठाऊक आहे. पानवेलीला आठवडाभर मचूळ पाणी घातले की पान पिवळे पडते आणि वेल पुन्हा उठत नाही. माणसांचेही तेच. बारा महिने गोड राहणारी ही एकच विहीर. वडिलांनी खणली, आणि त्यांच्यामागे तीस वर्षे मी ती शिस्तीत चालवली. सकाळपासून माझा रहाट. बैल सुटले की मग खालच्या आळीतल्या बायांनी भरावे. मध्येच कोणी कळशी सोडली तर मी तिचा दोर काढून ठेवतो, संध्याकाळी परत देतो. आजपर्यंत कोणाची तक्रार नाही. असती तर माझ्याकडेच आली असती.

तू दिल्लीला सरकारात आहेस. तू एक शब्द टाकलास तर निशाण दहा हात पलीकडे सरकेल. मी गावात सांगून ठेवले आहे की आमचा रामनाथ बसला आहे तिकडे, कोणी काळजी करू नका. तेव्हा आता प्रश्न माझ्या विहिरीचा आणि तुझ्या अब्रूचा आहे.

तुझा,
विश्रामकाका


नवी दिल्ली, ता. १६ फेब्रुवारी १९६५

ती. विश्रामकाका,

तुमच्या पायांशी येऊन हे सांगता आले असते तर बरे झाले असते, कारण पत्रात ते फार किरकोळ दिसणार आहे. मी सरकारात आहे म्हणजे संसदेच्या कचेरीत कारकून आहे. सभासद जे प्रश्न विचारतात त्यांना मी क्रमांक घालतो. प्रश्न एकाचा असतो, उत्तर दुसऱ्याचे असते, माझा फक्त आकडा. माझ्या शब्दाने या खोलीतली खुर्चीसुद्धा सरकत नाही.

शिवाय काका, सरकार म्हणजे कोणी एक बसलेला माणूस नव्हे. त्याची तीन अंगे आहेत. संसद कायदा करते. मंत्री आणि त्यांच्या हाताखालचे सगळे, थेट कलेक्टर-मामलेदारांपर्यंत, तो कायदा अमलात आणतात. आणि कायद्याप्रमाणे झाले की नाही हे कोर्ट सांगते. मंत्री संसदेतूनच येतात आणि तिला जाब देतात हे खरे, पण न्यायाधीशाला "असा निकाल दे" म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. तिघेही आपापल्या जागी स्वतंत्र. हे असे मुद्दाम केले आहे. नियम करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा एकच माणूस असला, तर तो कितीही भला असो, बाकीच्यांना दाद मागायला जागाच उरत नाही. आपल्या घटनेचे मर्म हेच आहे. तुम्ही मुळात न्यायी, तेव्हा तुम्हाला हे पटवून द्यावे लागणार नाही.

सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा कायदा इंग्रजांपासूनचा आहे. पण हरकत घेता येते. एक अर्ज कलेक्टरांना द्या. एक आपल्या खासदारांना द्या, ते संसदेत प्रश्न विचारू शकतील. आणि पालघरला चांगला वकील पाहून कोर्टात दाद मागा. तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे लिहा.

नर्मदाकाकीला नमस्कार.

आपला,
रामनाथ


पाम, ता. ११ मार्च १९६५

चि. रामनाथ,

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि एकदा देवळात मोठ्याने वाचून दाखवले. तू इतका शिकला आहेस हे मला माहीत नव्हते. आजवर मी सरकार एकच समजून भीत होतो. तीन निघाली, आणि तिन्ही स्वतंत्र. कोणी कोणाच्या घरात डोकवायचे नाही. घटना लिहिणाऱ्यांनी रयतेची फार मोठी सोय करून ठेवली आहे, ती आमच्यापर्यंत कोणी पोचवली नव्हती.

आठ दिवसांत तिन्ही अर्ज गेले. कोर्टाचा पालघरच्या कमलाकांत वकिलांकडून केला, बाकीचे दोन माझ्या हातचे. प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीला मानवेल असे लिहिले आहे. जास्त खुलासा तुला करत नाही. तूही एका अंगात नोकरीला आहेस, उगाच ढवळाढवळ झाली असे व्हायला नको.

आता अनुभव ऐक. मामलेदार म्हणाले, माझ्या हातात काही नाही, प्रांतांना भेटा. प्रांत म्हणाले, रेषा वरून आली आहे, मी फक्त ती जमिनीवर उतरवतो. खासदार बोईसर स्टेशनवर गाठ पडले. ते म्हणाले, संसद साऱ्या देशासाठी कायदे करते, एका विहिरीसाठी नव्हे; पण अर्ज खिशात घातला. कोर्टातल्या शिरस्तेदाराने सांगितले, आम्ही फक्त कागद बघतो. जो भेटला त्याने खरी सत्ता दुसऱ्याकडे असल्याचे सांगितले. इतक्या विनयी लोकांच्या हातात देश आहे हे पाहून बरे वाटले.

तुझा,
विश्रामकाका

रामनाथ, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून खाली दोन ओळी लिहिते. कलेक्टरांच्या अर्जात विहीर चाळीस घरांची आहे आणि सगळे गाव तिच्यावर जगते. कोर्टाच्या अर्जात ती सासऱ्यांनी खणलेली, आमची एकट्यांची आहे, आणि दुसऱ्या कोणाचा तिच्यावर कळशीभरही हक्क नाही. खासदारांच्या अर्जात तिच्यात देवी आहे. मला या घरात येऊन सव्वीस वर्षे झाली, मला काही ती दिसली नाही. हे म्हणतात, तिघे एकमेकांचे कागद बघत नाहीत, रामनाथनेच लिहिले आहे. तू खरेच असे लिहिलेस का? — नर्मदाकाकी


नवी दिल्ली, ता. २० मार्च १९६५

ती. विश्रामकाका,

काकीची पुरवणी वाचून मी कचेरीतून अर्धा दिवस रजा घेतली आणि हे पत्र लिहायला बसलो आहे. काका, स्वतंत्र म्हणजे आंधळे नव्हे. तिघांना वेगळे ठेवले ते एकमेकांवर लक्ष ठेवता यावे म्हणूनच. खासदाराने प्रश्न विचारला की मंत्रालय माहिती मागवते, आणि ती मागवते कलेक्टरांकडून. कोर्टात दावा लागला की कोर्ट कलेक्टरांना म्हणणे मांडायला सांगते, आणि ते आपल्याजवळचे सगळे कागद जोडतात. तुमचे तिन्ही अर्ज एका टेबलावर येणार आहेत. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते. मर्म लिहिण्याच्या नादात राहून गेले.

हात जोडून सांगतो, तीनपैकी दोन अर्ज मागे घ्या. कोणते दोन ते तुम्ही ठरवा, पण जो ठेवाल तो खरा असू द्या.

आणखी एक. काल "पाम येथील देवीस्थान असलेल्या विहिरीबाबत" असा एक प्रश्न माझ्याच टेबलावर आला. मी पंधरा मिनिटे तो हातात धरून बसलो होतो. थांबवण्याचा अधिकार मला नाही, आणि तो नसावा हेच बरोबर आहे. मी त्याला क्रमांक घातला आणि पुढे पाठवला.

आपला,
रामनाथ


पाम, ता. २ एप्रिल १९६५ (कार्ड)

चि. रामनाथ, पत्र पावले. कमलाकांत वकिलांनी मनाई हुकूम मिळवला. कुंपणाचे काम थांबले आहे. पुंजारामची निशाणे तेवढी उभी आहेत, खालच्या आळीतल्या बाया त्यांवर धुणे वाळत घालतात. तिन्ही अंगे माझ्या कामाला लागलेली असताना मी अर्ज मागे कशाला घेऊ? तुझी भीती कचेरीत बसणाऱ्याची आहे. तब्येतीला जप. — काका


पाम, ता. २४ फेब्रुवारी १९६६

चि. रामनाथ,

तुझ्या तीन पत्रांना इकडून उत्तर गेले नाही, म्हणून आज मीच लिहिते आहे. हे वाडीत बसून असतात. लिहा म्हटले की म्हणतात, काय लिहू?

वर्षभर तारखाच पडत होत्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सरकारी वकील आजारी, सप्टेंबरात लढाई लागली तेव्हा सगळेच पुढे ढकलले. प्रत्येक तारखेला हे नवा सदरा घालून ठाण्याला जायचे आणि परत येऊन सांगायचे की आपली बाजू भक्कम आहे. परवा शेवटची तारीख होती. मी म्हटले, मीही येते. खालच्या आळीतल्या मैनाबाईलाही समन्स होते, कारण कलेक्टरांच्या अर्जाला जोडलेल्या चाळीस घरांच्या यादीत ह्यांनीच तिचे नाव पहिले घातले होते. मैनाबाईचे माहेर सातपाटीच्या कोळीवाड्यातले, बोलायला ती कोणाला भीत नाही.

तू लिहिले होतेस तसेच झाले. सरकारी वकिलाने कलेक्टरांचे म्हणणे दिले, त्याला ह्यांचा चाळीस घरांचा अर्ज जोडलेला. मागोमाग खासदारांच्या प्रश्नाची नक्कल, त्यात देवी. आणि कोर्टापुढे आमचा स्वतःचा दावा होताच. न्यायाधीशांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, डावीकडून उजवीकडे वाचले, मग उजवीकडून डावीकडे. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

मग मैनाबाईला उभे केले. वकिलाने विचारले, या विहिरीवर पाणी भरता का?

"भरतो ना. रहाट थांबला का भरतो. तवर आमी उभ्या रातो."

वेळ कोणी ठरवली, असे विचारल्यावर तिने ह्यांच्याकडे बोट केले. वेळ मोडली तर दोर कोण काढून घेतो? तिने बोट खाली केलेच नव्हते. शेवटी त्याने विचारले, मग याबद्दल तक्रार कोणाकडे करता?

"त्यांच्याकडंच. दुसरं हाय कोन?"

आता मात्र कोर्ट हसले. मला तुझे ते पहिले पत्र आठवले, देवळात ह्यांनीच वाचून दाखवलेले. नियम करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा एकच असला तर काय होते ते. ते पत्र मैनाबाईनेही ऐकले होते, खांबाला टेकून. ह्यांनी वाचले, पण ऐकले नव्हते.

न्यायाधीश म्हणाले, जमीन घ्यावी की नाही हे ठरवणे माझे काम नाही, तो कायदा आहे आणि सरकारने कारण दिले आहे. पण कलेक्टरांनी लिहून दिले आहे की विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्याची असेल तर कुंपण तिला वळसा घालून जाईल आणि विहीर ग्रामपंचायतीकडे राहील. खासगी असेल तर मोबदला मिळेल आणि ती आत जाईल. तुमच्या तीन कागदांत तीन विहिरी आहेत. मला एकच हवी आहे. ती कोणाची ते सांगा.

कमलाकांत वकील ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, मुदत मागू या. मी मागच्या बाकावर होते. ह्यांची मान मला दिसत होती, ती लाल झाली होती. सासऱ्यांनी विहीर खणली तेव्हा हे बारा वर्षांचे, मातीच्या पाट्या ह्यांनी डोक्यावर वाहिलेल्या. आमची आहे म्हटले तर कुंपणाच्या आत जाणार. गावाची म्हटले तर डोळ्यांसमोर राहणार, पण आपली नाही. ज्याचे उत्तर कोणाला द्यावे लागू नये असा प्रश्न होता तो.

हे म्हणाले, "सगळ्यांची."

लिहून घेणाऱ्याला ऐकू गेले नाही. पुन्हा विचारले.

"सगळ्यांची हाय, साहेब," असे म्हणाले. घरातली भाषा कोर्टात कधी बोलत नाहीत, ती तोंडातून गेली. तिसऱ्यांदा विचारले असते तर रडले असते. मी तर रडलेच.

येताना पालघरला एस.टी.तून उतरल्यावर म्हणाले, पानवेल आता अर्धीच ठेवावी लागेल.

तू त्यांना पत्र लिही, पण शहाणपणाचे लिहू नकोस.

तुझी,
नर्मदाकाकी


नवी दिल्ली, ता. ७ मार्च १९६६

ती. काका,

काकीचे पत्र मिळाले. तुम्ही जे केलेत ते मला जमले असते असे वाटत नाही. याहून जास्त लिहिले तर ते शहाणपणाचे होईल.

एक बातमी मात्र कळवायला हवी. मागे मंत्रालयाने "माहिती गोळा करण्यात येत आहे" एवढेच सांगितले होते. ती आता गोळा झाली आणि उत्तर सभागृहाच्या टेबलावर ठेवले गेले. (अ) पाम येथे अशी विहीर आहे काय? होय. (ब) ती गेल्यास गावाला पाण्याची दुसरी सोय काय? प्रश्न उद्भवत नाही. तुम्ही ठाण्याला एक शब्द बोललात म्हणून तो उद्भवला नाही, हे त्यात कुठे नाही. नक्कल सोबत जोडली आहे, काकीला दाखवा. देवीबद्दल मंत्रालयाने मौन पाळले आहे.

आपला,
रामनाथ


पाम, ता. ८ मे १९६६

चि. रामनाथ,

नक्कल काकीने कपाटात ठेवली आहे. ती म्हणते, आमच्या घरातले कोणी संसदेत गेले नाही, निदान विहीर तरी गेली.

कुंपण झाले. विहिरीला वळसा घालून गेले आहे. पुंजाराम तार ओढत होता. जाताना म्हणाला, तुमच्यामुळे आमची चाळीस हात तार जास्त लागली. मी त्याला पानाचा विडा दिला.

आता तुझी ती तीन अंगे आमच्या विहिरीवर आली आहेत. पंचायतीने ठराव करून वेळा ठरवल्या: सकाळी पिण्याचे पाणी, माझा रहाट एक दिवसाआड दुपारनंतर दोन तास. त्या वेळा पाळल्या जातात की नाही हे मैनाबाईने बघायचे. भांडण झालेच तर बेटेगावच्या झुंबरमास्तरांनी ऐकायचे, त्यांचा इथे कोणाशी सोयरसंबंध नाही म्हणून. मी बाजूला बसून बघतो. चालते आहे. माझ्यावाचून इतके बरे चालेल असे वाटले नव्हते, आणि त्याचा मला राग येतो हे तुझ्यापासून लपवत नाही. अर्धी पानवेल गेली. जी राहिली तिच्यावर पान चांगले धरले आहे.

हे पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. काकीचा गुडघा धरला म्हणून परवा कळशी घेऊन मी गेलो. रांगेत बारावा होतो. जन्मात पहिल्यांदा मी विहिरीच्या त्या अंगाला उभा राहिलो. रामनाथ, त्या अंगाला सावली नाही. रहाटाकडे आंबा आहे, तिथे बैल उभे राहतात, मी बसतो. पलीकडे एक झुडूप नाही. वैशाखाचे ऊन डोक्यावर, खाली वाळू तापलेली, पाय उचलून उचलून ठेवावा लागतो. तीस वर्षे मी रहाट थांबेपर्यंत बायांना तिथे उभे केले, आणि माझ्या बैलांना सावली होती. मला लाज वाटली. घरात हे बोललो नाही, तुला लिहितो आहे.

तिथे मांडव घालायचे मनात घेतले. चार बांबू, वर झावळ्या, अर्ध्या दिवसाचे काम. रीतसर गेलो. सरपंच म्हणाले, पुढच्या बैठकीत ठराव घेऊ. ग्रामसेवक म्हणाला, ठराव झाला तरी पालघरहून मंजुरी लागेल. झुंबरमास्तर म्हणाले, भांडण नाही, तेव्हा मला बोलता येत नाही. तिघांनीही आपापली हद्द चोख पाळली. बाया उन्हातच.

म्हणून आज सकाळी मीच बांबू खांद्यावर घेतले आणि गेलो. पहिला खड्डा काढायला पहार उचलली, तोच मैनाबाई आडवी आली.

"कोनाला इचारलंत?"

माझ्या तोंडात जुने उत्तर तयार होते. मी ते गिळले. कोर्टात म्हणालो त्याहून हे अवघड गेले. तिथे न्यायाधीश होते, इथे मैनाबाई होती.

मी म्हणालो, "कोणाला नाही. तुला विचारतो. इथे मांडव घातला तर चालेल का?"

तिने रांगेकडे वळून पाहिले.

"बायांना इचारून सांगते," म्हणाली.

मी बांबू खाली ठेवले आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.

तुझा,
विश्रामकाका